मंगळाचा भूगोल रचणारे ज्योतिर्विद : जोव्हान्नी स्क्यापारेल्ली

भूगोलाच्या तासाला एव्हरेस्टची उंची पाठ नाही, असा विद्यार्थी विरळाच. परंतु एव्हरेस्टहून जवळजवळ अडीच पट उंच असा एक पर्वत आहे, आणि तो पृथ्वीवर नाही, मंगळावर आहे, हे सर्वांनाच ठाऊक असेल असे नाही. त्याचे नाव ऑलिम्पस मॉन्स. त्याची उंची सुमारे २२ किलोमीटर असून त्याच्या पायथ्याचा विस्तार सुमारे ६०० किलोमीटर आहे. तो ज्वालामुखी आहे. आणि आज ज्ञात असलेल्या सर्व ग्रहांवरील ज्वालामुखींत त्याच्याएवढा उंच दुसरा नाही.

ह्या पर्वताचे खरे रूप मानवाला १९७१-७२ साली एका अंतराळयानाच्या कॅमेऱ्यातून कळले. पण त्याच्या जागेला नाव मिळाले होते ते त्यापूर्वी ब्याण्णव वर्षे, १८७९ साली. नाव देणारे गृहस्थ मिलान शहरातील एका वेधशाळेच्या छपराखाली, थंडीवाऱ्यात, दुर्बिणीला डोळा लावून बसलेले होते. त्यांना तेथे दिसला तो एक लहानसा पांढरा ठिपका. तो पर्वत आहे हे त्यांना कळले नाही, कळणे शक्यही नव्हते. तरीही तो ठिपका त्यांनी नकाशात त्याच्या जागी नोंदवला आणि त्याला एका पर्वताचेच नाव दिले.

ह्या थोर निरीक्षकाचे नाव जोव्हान्नी स्क्यापारेल्ली. ज्या शोधांमुळे त्यांची कीर्ती जगभर झाली, त्यांतील कित्येक पुढे चुकीचे ठरले. आणि ज्या ठिपक्याकडे त्यांच्या काळात फारसे कोणी वळूनही पाहिले नाही, तो महापर्वत निघाला. असे हे विलक्षण जीवन आहे. चूक आणि प्रामाणिकपणा ह्यांचे नाते काय, हा प्रश्न ज्याला पडतो, त्याने हे चरित्र अवश्य वाचावे, असे आम्हांस वाटते.

बालपण

जोव्हान्नी ह्यांचा जन्म १४ मार्च १८३५ रोजी सावील्यानो ह्या गावी झाला. हे गाव इटलीच्या वायव्येस पीडमाँट प्रांतात आहे. त्या काळी इटली हे एक राष्ट्र नव्हते. निरनिराळ्या राजांच्या अमलाखाली विभागलेला तो एक भूप्रदेश होता. वडिलांचे नाव आंतोनिनो आणि आईचे नाव कातेरिना. घरची स्थिती सामान्य होती. पण वडिलांना आकाशाची हौस होती. रात्री अंगणात उभे राहून ते लहानग्या जोव्हान्नीला कृत्तिकांचा पुंजका आणि सप्तर्षी दाखवीत.

एके रात्री ह्या बालकाने आकाशात उल्का पडताना पाहिली. मग दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. हे काय आहे, असे त्याने वडिलांना विचारले. वडिलांनी सांगितले, की ते केवळ विधात्यालाच ठाऊक. त्या उत्तराने मुलाच्या मनात भीती आणि ओढ ह्यांची एक अस्फुट भावना रुजली, आणि ती पुढे जन्मभर त्याला सोडून गेली नाही. हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा. आम्हांस पुढे त्याकडे परत यावयाचे आहे.

८ जुलै १८४२ रोजी उत्तर इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसले. जोव्हान्नी तेव्हा सात वर्षांचा होता. भर दिवसा पडलेला तो अंधार त्याने पाहिला. पण त्या अंधारापेक्षाही एका गोष्टीचे त्याला नवल वाटले. हे ग्रहण केव्हा लागणार, हे माणसांनी आधीच गणिताने काढून ठेवले होते! ज्या माणसांना हे साधते त्यांच्यासारखे आपणही व्हावे, ही इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झाली.

गावात पाओलो दोवो नावाचे एक विद्वान धर्मगुरू होते. त्यांच्यापाशी एक लहानशी दुर्बीण होती. चर्चच्या घंटाघराच्या मनोऱ्यावर चढून ते ह्या जिज्ञासू मुलाला शुक्राच्या कला, गुरूचे चंद्र आणि शनीचे कडे दाखवीत. मोठ्या शहरांतील मोठ्या विद्यालयांनी जे केले नसते, ते एका लहान गावच्या ह्या शिक्षकाने केले. आपल्यापैकी कित्येकांच्या गावीही असे एखादे दोवो गुरुजी असतील. त्यांची नावे इतिहासात क्वचितच येतात.

शिक्षण आणि देशाटन

१८५४ साली, एकोणिसाव्या वर्षी, स्क्यापारेल्ली तुरीनच्या विद्यापीठातून स्थापत्य व जलाभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले. पूल बांधावे, पाट काढावे, घरे उभारावी आणि सुखाने राहावे, असा सरळ मार्ग त्यांच्यापुढे होता. तो त्यांनी धरला नाही. काही काळ तुरीनमध्ये गणिताचे शिक्षक म्हणून त्यांनी काम केले आणि उरलेल्या वेळात ज्योतिषशास्त्राचा अभ्यास चालू ठेवला. येथे आम्हांस हे स्पष्ट केले पाहिजे, की ज्योतिष म्हणजे फलज्योतिष नव्हे. आकाशातील गोलांच्या गतीचे व स्वरूपाचे जे शास्त्र, ते येथे अभिप्रेत आहे.

सुदैवाने गुणांची पारख असणारे पुरुष त्या राज्यात होते. क्विंतीनो सेल्ला हे त्यांपैकी एक. स्वतः खनिजशास्त्राचे पंडित आणि पुढे इटलीचे अर्थमंत्री. अशा पुरुषांच्या पाठिंब्याने सरकारने स्क्यापारेल्लींना शिष्यवृत्ती दिली. १८५७ साली ते बर्लिनला गेले आणि तेथील वेधशाळेचे प्रमुख एंके ह्यांच्या हाताखाली शिकले. तेथून १८५९ साली रशियातील पुल्कोवा येथील वेधशाळेत ऑटो स्ट्रुव्ह ह्यांच्याकडे गेले. त्या काळी मापनाच्या अचूकतेबद्दल पुल्कोव्याचा लौकिक मोठा होता. तारा नुसता पाहावयाचा नाही, तर मोजावयाचा, ही शिस्त स्क्यापारेल्ली तेथे शिकले.

१८६० साली ते मायदेशी परतले आणि मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत दुय्यम ज्योतिर्विद म्हणून रुजू झाले. ब्रेरा हा एक जुना प्रासाद आहे. त्यातच चित्रसंग्रहालय, त्यातच ग्रंथालय आणि त्याच्याच छपरावर वेधशाळा. पुढील एप्रिल महिन्यात, १८६१ साली, त्यांनी एक नवा लघुग्रह शोधून काढला. इटलीचे संयुक्त राज्य जाहीर होऊन तेव्हा जेमतेम एक महिना झाला होता. स्क्यापारेल्लींनी त्या लघुग्रहास हेस्पेरिया असे नाव दिले. प्राचीन ग्रीक लोक इटलीस ह्याच नावाने ओळखत. नव्या राष्ट्राला आकाशातील हा त्यांचा नजराणाच होता. १८६२ साली वेधशाळेचे वृद्ध संचालक कार्लिनी निवर्तले आणि ते पद सत्तावीस वर्षांच्या ह्या तरुणाकडे आले. पुढे १९०० सालापर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, ते त्या पदावर होते.

विधात्यालाच ठाऊक असलेले कोडे

संचालकपद मिळाले, पण वेधशाळेतील उपकरणे जुनाट होती. नवी दुर्बीण मंजूर झाली खरी. ती प्रत्यक्ष हाती येण्यास मात्र बारा वर्षे लागली. मोठी दुर्बीण नाही म्हणून हात जोडून बसणाऱ्यांपैकी स्क्यापारेल्ली नव्हते. ज्या कामाला दुर्बीण लागत नाही ते त्यांनी हाती घेतले. ते काम म्हणजे उल्कांचे.

उल्का ह्या आपल्या वातावरणातच उत्पन्न होतात, असे त्या काळीही अनेकांचे मत होते. दरवर्षी ऑगस्ट महिन्यात ययाती ह्या तारकासमूहाच्या दिशेने उल्कांचा जो वर्षाव होतो, त्याचा स्क्यापारेल्लींनी गणिताने विचार केला. हे कण सूर्याभोवती कोणत्या मार्गाने फिरत असावेत, ते त्यांनी काढले. आणि तो मार्ग १८६२ साली दिसलेल्या एका मोठ्या धूमकेतूच्या मार्गाशी जुळला! हाच स्विफ्ट-टटल धूमकेतू. पुढे नोव्हेंबरमध्ये सिंह राशीतून येणाऱ्या उल्कांचाही मेळ टेंपल ह्यांच्या धूमकेतूशी बसला. धूमकेतू सूर्याजवळून जाताना आपल्या मागे धूळ सांडीत जातो, ती धूळ त्याच्या मार्गावर पसरते आणि पृथ्वी त्या मार्गाला छेदून जाऊ लागली म्हणजे ते कण वातावरणात शिरून जळतात, असे हे रहस्य १८६६ साली उलगडले.

वडिलांनी जे उत्तर विधात्यावर सोपवले होते, ते मुलाने एकतिसाव्या वर्षी शोधून काढले. त्यांच्या शोधांपैकी हा कधीही खोटा ठरला नाही, आणि आमच्या मते त्यांचा हाच सर्वांत पक्का शोध होय. फ्रान्सच्या अकादमीने त्यांना लालांद पारितोषिक दिले आणि १८७२ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने आपले सुवर्णपदक अर्पण केले. तथापि लोक त्यांना आज ओळखतात ते उल्कांमुळे नव्हे, तर मंगळामुळे.

१८७७ चा मंगळ

सुमारे सव्वीस महिन्यांनी एकदा मंगळ सूर्याच्या बरोबर समोर येतो व पृथ्वीच्या जवळ असतो. परंतु त्याची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्यामुळे प्रत्येक वेळचे अंतर सारखे नसते. पंधरा-सतरा वर्षांनी एकदा तो विशेष जवळ येतो. १८७७ साल हे असे होते. त्याच साली ऑगस्टमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन येथे असफ हॉल ह्यांनी मंगळाचे दोन चंद्र शोधून काढले.

मिलानला १८७४ साली नवी दुर्बीण बसली होती. जर्मनीतील मेर्त्स ह्यांनी तयार केलेल्या तिच्या भिंगाचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर होता. आजच्या मानाने ही दुर्बीण लहानच. मंगळाचा पद्धतशीर अभ्यास करावा, असा स्क्यापारेल्लींचा प्रारंभी हेतू नव्हता. ग्रहांच्या पृष्ठभागावरील बारकावे ह्या दुर्बिणीतून दिसतात की नाही, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. पण एकदा डोळा लावल्यावर तो ग्रह त्यांना सोडवेना.

हे काम किती कठीण, त्याची कल्पना वाचकांनी करावी. अगदी जवळ आलेला मंगळदेखील इतका लहान दिसतो, की पूर्णचंद्राच्या रुंदीत असे सुमारे पंचाहत्तर मंगळ शेजारी शेजारी मांडता येतील. त्यात पृथ्वीचे वातावरण सारखे हलत असते. तापलेल्या तव्यावरील हवेतून पाहिल्याप्रमाणे ग्रहाचे बिंब थरथरते, आणि मध्येच क्षण-दोन क्षण हवा स्थिर झाली की जे दिसेल तेवढे टिपून घ्यावयाचे. त्या काळी ह्या कामी छायाचित्राचा उपयोग नव्हता. डोळा, पेन्सिल आणि स्मरण हीच साधने. वेधापूर्वी स्क्यापारेल्ली मद्य, गुंगी आणणारे पदार्थ आणि विशेषतः कॉफीचा अतिरेक कटाक्षाने टाळीत. त्याने नजरेची अचूकता बिघडते असा त्यांचा अनुभव होता. शास्त्रज्ञाचे ते एक व्रतच होते.

त्यांच्या पूर्वीच्या निरीक्षकांनी मंगळाची चित्रे काढली होती. स्क्यापारेल्लींनी त्याचे मापन केले. पृष्ठभागावरील ६२ ठळक बिंदू निवडून त्यांचे अक्षांश-रेखांश त्यांनी सूक्ष्ममापकाने ठरवले आणि त्या बिंदूंच्या आधारे, एखाद्या भूमापकाने प्रांताचा नकाशा करावा तसा, संपूर्ण नकाशा रचला. अभियंत्याचे शिक्षण येथे उपयोगी पडले.

नावे देण्याच्या कामातही त्यांनी नवी दृष्टी दाखवली. त्यांच्या आधीच्या नकाशांत ज्योतिर्विदांचीच नावे ठिकठिकाणी घातलेली होती, आणि त्यावरून देशादेशांत रुसवेफुगवे होत. स्क्यापारेल्लींनी जिवंत माणसांना बाजूस सारून प्राचीन भूगोल, ग्रीक-रोमन पुराणे आणि बायबल ह्यांतील नावे घेतली. हेल्लास, एलिझियम, अर्केडिया, आर्सिया, थार्सिस ही नावे अशी मंगळावर गेली. त्यांचे मधुर नाद आणि त्यांतील प्राचीनतेचा गंध ह्यांमुळे ती टिकली. आजचे अंतराळशास्त्रज्ञही मंगळाबद्दल बोलताना त्यांतील अनेक नावे उच्चारतात.

१८७९ साली मंगळ पुन्हा समोर आला, तेव्हा थार्सिसच्या उजळ प्रदेशाजवळ त्यांना तो पांढरा ठिपका दिसला. ग्रीकांच्या देवांचे निवासस्थान असलेला ऑलिम्पस पर्वत त्यांना आठवला आणि त्यावरचे हिम ह्या अर्थाने त्यांनी त्या ठिपक्यास निक्स ऑलिम्पिका असे लॅटिन नाव दिले.

कालव्यांचे वादळ

आता त्या प्रकरणाकडे वळू, ज्यामुळे त्यांचे नाव वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचले. मंगळाच्या काळसर प्रदेशांना जोडणाऱ्या बारीक, सरळ रेषा त्यांना दिसल्या. त्यांना त्यांनी इटालियन भाषेतील कनाली हा शब्द योजला. मराठीत निसर्गनिर्मित तो ओहोळ किंवा सामुद्रधुनी आणि माणसाने खणलेला तो कालवा, असा भेद आपण करतो. इटालियनमधील तो शब्द दोन्हींना चालतो. इंग्रजीत त्याचे भाषांतर करताना नेमका खणलेल्या कालव्याचा शब्द घेतला गेला. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झालेला. कालवे म्हणजे मानवी कर्तृत्वाची परमावधी, अशी त्या काळाची भावना. मग मंगळावर कालवे आहेत, तर ते खणणारेही असलेच पाहिजेत, असा तर्क धावू लागला!

अमेरिकेतील धनाढ्य हौशी ज्योतिर्विद पर्सिव्हल लॉवेल ह्यांनी १८९४ साली अ‍ॅरिझोनात फ्लॅगस्टाफ येथे स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारली आणि सुकत चाललेल्या ग्रहावर ध्रुवांकडील पाणी आणण्यासाठी बुद्धिमान प्राण्यांनी हे कालवे काढले आहेत, असे प्रतिपादन करणारे ग्रंथ लिहिले. कादंबरीकारांना तर कुरणच मोकळे झाले.

स्क्यापारेल्ली स्वतः ह्या बाबतीत सावध होते. रेषा आहेत, हे ते ठामपणे सांगत; त्या कोणी केल्या, हे ते सांगत नसत. निसर्गाच्या साध्या शक्तींनीही त्या घडल्या असतील, असा त्यांचा कल होता. १८९५ साली एका लेखात त्यांनी मंगळवासीयांबद्दल कल्पनेचे पतंग उडवले खरे; पण ते कल्पनेचे आहेत, हे त्यांनी लपवले नाही.

परंतु सत्य सांगावयाचे, तर रेषाच नव्हत्या! इटलीतील त्यांचेच देशबांधव व्हिंचेंत्सो चेरुल्ली ह्यांनी १८९६ च्या सुमारास शंका काढली, की दृष्टीच्या मर्यादेवरील विखुरलेले ठिपके आपला डोळाच रेषेत जोडीत असावा. १९०९ साली पॅरिसजवळ म्यूदाँ येथील ८३ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून आंतोनियादी ह्यांनी मंगळ पाहिला, तेव्हा रेषांच्या जागी असंख्य बारीक डाग दिसले. अखेर १९६५ च्या जुलैमध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने पाठवलेल्या चित्रांत कालवे नव्हते, होती ती विवरे. स्क्यापारेल्लींच्या रेषांपैकी एक-दोनच खऱ्या भूरूपांशी जुळतात. अगाथोडेमन नावाच्या रेषेच्या जागी व्हॅलेस मरिनेरिस ही सुमारे ४,००० किलोमीटर लांबीची प्रचंड दरी आहे.

येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. एवढा काटेकोर मनुष्य फसला कसा? तो खोटे बोलत नव्हता. त्याला त्या रेषा खरोखरच दिसत होत्या. क्षणभर चमकून नाहीशा होणाऱ्या तपशिलांना आपले मन आकार देते, आणि मग तो आकारच डोळ्यांना दिसू लागतो. नजर कितीही तीक्ष्ण असली, तरी तिच्यामागे मन बसलेले असते. ही मानवी मर्यादा आहे. आणि म्हणूनच विज्ञानात एकाच्या साक्षीवर निकाल दिला जात नाही.

बुध, शुक्र आणि मंदावलेली दृष्टी

मंगळाच्या कामाचा एक परिणाम मात्र चांगला झाला. १८७८ साली इटलीच्या संसदेने मोठ्या दुर्बिणीसाठी अडीच लाख लिरांची रक्कम मंजूर केली. त्या वेळी देश काही श्रीमंत नव्हता. तरीही आकाशाच्या अभ्यासासाठी त्याने हात आखडला नाही. ४९ सेंटिमीटर व्यासाची ही दुर्बीण १८८६ साली काम करू लागली.

दरम्यान बुधाच्या निरीक्षणास त्यांनी आरंभ केला होता. बुध सूर्याच्या इतका निकट असतो, की पहाटे वा सायंकाळी तो क्षितिजापाशीच दिसतो. म्हणून स्क्यापारेल्ली त्याला भर दिवसा, आकाशात उंच असताना पाहात. वर्षानुवर्षे हे वेध घेतल्यावर १८८९ साली त्यांनी जाहीर केले, की बुध स्वतःभोवती ८८ दिवसांत फिरतो. तेवढ्याच काळात तो सूर्याभोवती फिरत असल्याने त्याची एकच बाजू सदैव सूर्यासमोर राहते. पाऊणशे वर्षे सर्व पाठ्यपुस्तके हेच शिकवीत होती. १९६५ साली रडारच्या लहरींनी मोजणी झाली आणि खरा काळ सुमारे ५९ दिवसांचा निघाला. सूर्याभोवती दोन प्रदक्षिणा होतात तेवढ्यात बुध स्वतःभोवती तीनदा फिरतो. आणि पाहावयास सोयीच्या ज्या वेळा असतात, त्या वेळी योगायोगाने जवळजवळ तीच बाजू पुन्हा पुढे येते. निरीक्षण चांगले होते. निसर्गानेच चकवा दिला होता. शुक्राबाबतही त्यांचा अंदाज असाच चुकला.

ह्या साऱ्या श्रमांची किंमत डोळ्यांनी मोजली. १८७७ पासून १८९० पर्यंत सात वेळा मंगळ समोर आला आणि सातही वेळा स्क्यापारेल्ली दुर्बिणीपाशी होते. त्यानंतर त्यांची दृष्टी मंदावू लागली. आपल्या डोळ्यांवर आता पूर्वीसारखा भरवसा टाकता येत नाही, हे ध्यानात येताच त्यांनी मंगळाच्या वेधांची प्रसिद्धी थांबवली. ज्यांची सर्व कीर्ती नजरेवर उभी होती, त्यांनी ती नजर अपुरी झाली हे ओळखून हात आवरावा, ह्यात आम्हांस त्यांच्या थोरपणाची खरी खूण दिसते. कीर्तीच्या लोभाने दुसरा कोणी रेषा काढीतच राहिला असता.

१९०० साली निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बिणीऐवजी ग्रंथ हाती घेतले. लॅटिन व ग्रीक त्यांना उत्तम येत होत्या. हिब्रूचेही अध्ययन त्यांनी केले. बायबलच्या जुन्या करारातील ज्योतिषावर त्यांचा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. ग्रीकांचा आणि बाबिलोनी लोकांचा आकाशाबद्दलचा विचार समजून घेण्यात त्यांचा शेवटचा काळ गेला. त्यांची पुतणी एल्सा पुढे पॅरिसमध्ये वेशभूषाकार म्हणून प्रसिद्धीस आली. आपल्या गालावरील तिळांत काकांना सप्तर्षी दिसत, असे ती सांगे. मंगळावरील सातवा आणि अखेरचा प्रबंध १९१० साली प्रसिद्ध झाला. त्याच साली, ४ जुलै रोजी, मिलान येथे त्यांनी देह ठेवला.

पांढऱ्या ठिपक्याचे रहस्य

त्यांच्या मृत्यूनंतर एकसष्ट वर्षांनी, १४ नोव्हेंबर १९७१ रोजी, मरिनर ९ हे यान मंगळाभोवती फिरू लागले. दुसऱ्या ग्रहाची परिक्रमा करणारे ते पहिले यान होय. पण त्या वेळी मंगळावर धुळीचे प्रचंड वादळ उठले होते. सारा ग्रह धुळीच्या पडद्याखाली गेला होता. शास्त्रज्ञ हताश झाले. अशा त्या सपाट पिवळसर बिंबावर चार काळे ठिपके तेवढे दिसत होते. तीन एका ओळीत होते, आणि चौथा नेमका निक्स ऑलिम्पिकाच्या जागी!

वादळ ओसरू लागले आणि उमगले, की ही चार पर्वतशिखरे आहेत. ती इतकी उंच, की धुळीच्याही वर राहिली होती. प्रत्येकाच्या माथ्यावर खचून झालेले विशाल कुंड होते. ते ज्वालामुखी होते. तीन रांगेतील शिखरांना आर्सिया, पॅव्होनिस व अ‍ॅस्क्रियस म्हणतात. चौथ्याला पुढे १९७३ साली ऑलिम्पस मॉन्स, म्हणजे ऑलिम्पस पर्वत, असे नाव मिळाले. मग पूर्वी पांढरे दिसत होते ते काय? मंगळाचे विरळ वारे ह्या उतारांवरून वर चढतात, थंड होतात आणि त्यांतील थोड्याशा बाष्पाचे हिमकणांचे ढग बनतात. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळी वाऱ्यांचे ढग साचतात, तसाच हा प्रकार; फक्त तेथे पाऊस पडत नाही. दुर्बिणीतून पृथ्वीवरच्या निरीक्षकांना पांढरे दिसत होते ते हेच ढग. हिमाचे नाव अगदीच चुकले नव्हते.

ह्या पर्वतांना ढालीच्या आकाराचे ज्वालामुखी म्हणतात. त्यांतून निघणारा लाव्हा पातळ असतो. तो साचून उभा सुळका न बनता दूरवर वाहत जातो. थरावर थर चढून जमिनीवर पालथ्या घातलेल्या ढालीसारखा मंद उताराचा पर्वत तयार होतो. पृथ्वीवर हवाई बेटातील मौना लोआ हा असाच आहे. समुद्राच्या तळापासून मोजला तर तोही नऊ किलोमीटरांच्या आसपास भरतो. पण ऑलिम्पसपुढे तो मूलच. ऑलिम्पसच्या माथ्यावरील कुंडच सुमारे ८० किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या पायथ्याचे कडे काही ठिकाणी आठ किलोमीटरांपर्यंत उंच आहेत. उतार मात्र जेमतेम पाच अंशांचा. त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण पर्वतावर आहोत हे कळणारही नाही, कारण शिखर क्षितिजाच्या पलीकडे असेल.

मंगळ पृथ्वीच्या निम्म्याएवढा. मग तेथे पर्वत एवढा मोठा कसा? पृथ्वीचे कवच तुकड्यातुकड्यांचे असून ते तुकडे सरकत असतात. खालचा उष्ण प्रवाह एका जागी राहतो, वरची जमीन पुढे जाते. त्यामुळे एका मोठ्या पर्वताऐवजी हवाईप्रमाणे बेटांची माळ तयार होते. मंगळाचे कवच असे सरकत नाही. एकाच जागी लाव्हा कोट्यवधी वर्षे साचत राहिला. शिवाय तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच असल्यामुळे पर्वताला आपलाच भार सोसवतो. शुक्रावरही ढालीसारखे विस्तीर्ण ज्वालामुखी आहेत. त्यांतील माट मॉन्स सुमारे आठ किलोमीटर उंच असून त्यावरील एका मुखाचा आकार १९९१ साली काही महिन्यांत बदलल्याचे जुन्या रडारचित्रांवरून २०२३ साली उघड झाले. शुक्राच्या ज्या ढगांनी स्क्यापारेल्लींची दृष्टी अडवली, त्यांच्याच खाली हे चालले आहे.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे, असे कोणी समजू नये. माळव्याच्या पठारापासून बेळगावापर्यंत पसरलेला काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या अशाच पातळ लाव्ह्याचा आहे. तो भेगांतून निघाला आणि पसरला, म्हणून येथे ढाल न बनता पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर झाले. पण जात तीच. ज्या दगडाची आपली जुनी घरे, घाट आणि देवळे आहेत, त्याचा भाऊबंदच मंगळावर ऑलिम्पसच्या रूपाने उभा आहे. २०१४ साली मंगळाभोवती पोहोचलेल्या भारताच्या मंगळयानाने ज्या ज्वालामुखींची चित्रे घेतली, त्यांत आर्सिया मॉन्सही होता. आणि आर्सिया हे नाव त्या प्रदेशाला स्क्यापारेल्लींनीच दिलेले.

समारोप

मंगळावर आज त्यांच्या नावाचे एक मोठे विवर आहे. २०१६ साली त्यांचेच नाव दिलेले एक युरोपीय अवतरणयान मंगळावर उतरताना आदळून फुटले. मंगळाने ह्या नावाची परीक्षा अजूनही सोडलेली नाही, असे आम्ही गमतीने म्हणू.

विद्यार्थ्यांनी ह्या चरित्रापासून काय घ्यावे? चुका न करणारा तो मोठा, असे आपण समजतो. परीक्षेतील लाल शाईने आपल्याला ही सवय लावलेली असते. स्क्यापारेल्लींचे कालवे गेले, बुधाचे दिवस गेले. तरी त्यांचा नकाशा राहिला, कारण त्यांनी जेथे जे दिसले ते तेथेच मोजून ठेवले. ज्याचा अर्थ लागला नाही तो पांढरा ठिपकाही त्यांनी टाकून दिला नाही. ब्याण्णव वर्षांनी धुळीच्या वादळातून पर्वत वर आला, तेव्हा त्याचे नाव त्याची वाट पाहात होते. आपल्याला सर्वच गोष्टींचा अर्थ आज लागेल असे नाही. आपल्या वहीतील नोंद खरी असावी, एवढे मात्र आपल्या हाती आहे. तिचा अर्थ कदाचित आपल्या मागून येणारा कोणी लावील.